एका पाकिटातले वाण : पिढीजात टोमॅटोच्या बीजविनिमयाच्या अभ्यासासाठी प्रस्तावना

टोमॅटोच्या एका ग्रॅम बियांत साधारण 300 दाणे भरतात. नीट वाळवून थंड, कोरड्या जागी ठेवलेले बी चार-पाच वर्षे सहज उगवते, पुष्कळदा त्याहूनही जास्त. फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे पुढची पिढी आधीच्या पिढीसारखी निपजते. शिवाय एका पिकल्या फळात पुढच्या हंगामाला पुरून उरेल इतके बी मिळते. बटाट्याचा कंद टपालाने धाडायला जड, मक्याचा वाण टिकवायचा तर शेकडो झाडे लावावी लागतात, कांद्याचे बी वर्षा-दोन वर्षांत दगा देते. टोमॅटोचे पंचवीस दाणे मात्र साध्या पत्राच्या पाकिटात मावतात आणि समुद्रापलीकडच्या परसात तेच फळ धरतात. जगभरच्या बागप्रेमींनी आपसांतल्या देवघेवीसाठी या पिकाला इतके जवळ केले, त्याची कारणे अशी साधी आहेत.

या देवघेवीचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाच्या स्वागतासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. हे क्षेत्र तरुण आहे आणि त्याला कुंपण नाही. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, स्थलांतराच्या इतिहासाचा अभ्यासक, मानवशास्त्रज्ञ, कायद्याचा जाणकार आणि गच्चीत चार कुंड्या सांभाळणारा हौशी माणूस, या सगळ्यांना इथे काम आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच : बी आणि त्याची हकीकत एकाच पाकिटातून प्रवास करतात. हकीकत गळाली की वाण निनावी होतो. बी संपले की हकीकत नुसती आठवण उरते. म्हणून या क्षेत्रातला मूळ दस्तऐवज म्हणजे ते पाकीट. त्यात बी काय आहे, ते कसे राखले गेले, कुणी कुणाला दिले, आणि सोबत काय लिहिले, हे चारही प्रश्न एकत्र विचारावे लागतात.

टोमॅटो मुळातच प्रवासी पीक आहे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, अँडीज पर्वत आणि किनारपट्टीच्या परिसरात सापडतात. त्यातल्या सोलॅनम पिम्पिनेलिफोलियम या जवळच्या पूर्वजाची फळे करवंदाएवढी. मोठ्या फळाचा, माणसाळलेला टोमॅटो मेक्सिकोच्या भागात घडला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात पोचला. इटालियन वैद्य मात्तिओली याने 1544 मध्ये त्याची नोंद केली. युरोपात गेले ते मूठभर बी. त्यामुळे लागवडीतल्या टोमॅटोची जनुकीय विविधता रानटी नातलगांच्या मानाने फार थोडी आहे. तरीही डोळ्यांना दिसणारे वैविध्य थक्क करणारे आहे : पिवळे, केशरी, गुलाबी, जांभळट, पट्टेदार, पिकल्यावरही हिरवे राहणारे, हृदयाच्या आकाराचे, घडीघडीचे. या विसंगतीचे उत्तर शोधणे हा अभ्यासाचा चांगला पहिला धडा आहे. लाल गरावर पिवळी साल असली की टोमॅटो लाल दिसतो. साल रंगहीन असली की तोच गर गुलाबी दिसतो. पिकताना हरितद्रव्य पुरते नाहीसे न होणारा एक बदल घडला, तर हिरवे आणि लाल मिसळून फळ काळपट जांभळे होते. म्हणजे मोजक्या जनुकांतले मोजके बदल कुणाच्या तरी नजरेला पडले, आवडले आणि कुणीतरी ते फळ खाण्याऐवजी बियांसाठी राखून ठेवले. वैविध्य निसर्गाने दिले. निवड परसबागेने केली.

‘पिढीजात’ कुणाला म्हणायचे, यावर या क्षेत्रात बराच ऊहापोह झाला आहे. 1949 मध्ये बर्पी या अमेरिकी बियाणे कंपनीने ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला आणि त्यानंतर संकरित वाणांचा जोर वाढत गेला. संकरिताच्या फळातले बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडागणिक फळ वेगळे निघते. त्यामुळे दरवर्षी नवे बी विकत घेणे आले. म्हणून अनेकजण दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची वेळ ही सीमारेषा मानतात. मला मात्र कॅरोलिन मेल आणि क्रेग लहूलियर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी वापरलेली चौकट जास्त उपयोगी वाटते. तिच्यात चार गट आहेत. पहिला, जुन्या बियाणे व्यापाऱ्यांनी विकलेले सरळ वाण; ओहायोच्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन याने 1870 मध्ये आणलेला ‘पॅरागॉन’ हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा, घराण्यात पिढ्यान् पिढ्या राखलेले वाण. तिसरा, दोन जुन्या वाणांच्या जाणीवपूर्वक संकरातून निघून आता स्थिर झालेले वाण. चौथा, मधमाशीच्या कृपेने आपोआप झालेल्या संकरातून निघालेले. या चौकटीचा फायदा असा की वय मोजण्याऐवजी ती वाणाच्या जन्माची तऱ्हा विचारते.

देवघेवीच्या संघटित इतिहासाची सुरुवात बहुतेकजण 1975 पासून करतात. मिझुरीत राहणाऱ्या डायान आणि केंट व्हीली या जोडप्याला डायानच्या आजोबांनी दोन वाणांचे बी दिले होते : एक गुलाबी टोमॅटो आणि एक जांभळी, लाल चांदणीची मॉर्निंग ग्लोरी वेल. दोन्ही त्यांच्या घराण्याने बव्हेरियातून अमेरिकेत येताना बरोबर आणले होते. आजोबा गेल्यावर हे बी जगवण्याची जबाबदारी आपल्यावर आली, हे या जोडप्याच्या ध्यानात आले, आणि अशी जबाबदारी वाहणारे आणखी किती असतील असा प्रश्न पडला. त्यातून बीजविनिमयाचे जाळे उभे राहिले. ते पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि 1986 पासून आयोवातील डेकोरा येथे त्याचे स्वतःचे शेत आहे. सदस्यांनी आपल्याकडच्या वाणांची यादी द्यायची, ती वार्षिकात छापायची, आणि हवे त्याने थेट सदस्याला पत्र लिहायचे, अशी त्याची रीत. त्याच वर्षी, 1975 मध्येच, ब्रिटनमध्ये लॉरेन्स हिल्स यांच्या पुढाकाराने वारसा बियाण्यांचे ग्रंथालय सुरू झाले. ऑस्ट्रियात शिल्टर्न येथील ‘आर्के नोआ’ ही संस्था नंतर त्याच वाटेने गेली.

या जाळ्यातून एक वाण कसा फिरतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘ब्लॅक क्रिम’ हा काळपट, किंचित खारट चवीचा टोमॅटो काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियाच्या नावाचा. स्वीडनमधील लार्स ओलोव्ह रोसेनस्ट्रॉम यांच्या हातून तो 1990 च्या सुमारास अमेरिकी बीजविनिमयात आला आणि तिथून जगभर गेला. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या त्या काळात पूर्व युरोपातले पुष्कळ घरगुती वाण अशाच वाटेने पश्चिमेकडे आले. 1990 मध्येच लहूलियर यांना टेनेसीच्या सेव्हिअरव्हिल गावातून एक पाकीट आले. पाठवणाऱ्याने लिहिले होते की हा जांभळा टोमॅटो शेजारच्या घराण्याकडचा, आणि शंभरेक वर्षांपूर्वी तो चेरोकी लोकांकडून आला असे ते सांगतात. लहूलियर यांनी तो लावला, ‘चेरोकी पर्पल’ असे नाव दिले आणि व्हर्जिनियातील एका छोट्या बियाणे संस्थेकडे पाठवला. आज हा वाण किती तरी देशांच्या परसांत आहे. पण ‘शंभरेक वर्षांपूर्वी’ आणि ‘चेरोकी लोकांकडून’ हे दोन्ही दुवे फक्त त्या पत्रातल्या ऐकीव माहितीवर उभे आहेत. अभ्यासकाने ही हकीकत फेकूनही देऊ नये आणि सिद्ध झाली असेही धरू नये. कुणी, कुणाचे ऐकून, कधी सांगितले, एवढे नोंदवून पुढे जावे.

देवघेवीतून जुने टिकते, तसेच नवेही घडते. लहूलियर आणि ऑस्ट्रेलियातील पट्रिना नस्के स्मॉल यांनी 2006 च्या सुमारास कुंडीत मावतील असे बुटके पण जुन्या वाणांच्या चवीचे टोमॅटो घडवायचे काम सुरू केले. संकर ऑस्ट्रेलियात झाले. त्यांच्या पुढच्या पिढ्या दोन्ही गोलार्धांतल्या हौशी स्वयंसेवकांनी वाढवल्या. उत्तरेत हिवाळा तेव्हा दक्षिणेत उन्हाळा, त्यामुळे एका वर्षात दोन पिढ्या पुढे सरकता आले. पगार नाही, पेटंट नाही, आणि तरी शंभरावर स्थिर वाण या कामातून बाहेर पडले. वाणनिर्मिती ही प्रयोगशाळेचीच मक्तेदारी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण बारकाईने अभ्यासावे.

आता थोडे फुलाकडे वळू. या क्षेत्रातली सचोटी फुलात तपासली जाते. टोमॅटोच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून नळीसारखे उभे असतात आणि कुक्षी बहुधा त्या नळीच्या आतच राहते. त्यामुळे बाहेरचा पराग सहसा पोचत नाही. पण काही जुन्या वाणांत, विशेषतः मोठ्या चपट्या फळांच्या आणि बारीक फळांच्या काही वाणांत, कुक्षी नळीबाहेर डोकावते आणि मधमाशीला वाट मिळते. म्हणून जपून बी धरणारे उमलण्यापूर्वीच फुलांच्या गुच्छावर झिरझिरीत कापडाची पिशवी बांधतात आणि फळ धरल्यावर देठाला खुणेचा दोरा लावतात. भेसळ ओळखण्याची एक सोपी परीक्षाही आहे. ‘ब्रँडीवाइन’सारख्या वाणांची पाने बटाट्याच्या पानांसारखी सलग कडेची असतात आणि हा गुण अप्रभावी आहे. अशा वाणाच्या रोपांत एखादे दातेरी पानाचे निघाले, तर तिथे परका पराग शिरला हे रोपवाटिकेतच कळते. ते रोप उपटायचे, आणि ज्यांना त्या फळाचे बी दिले असेल त्यांना कळवायचे.

बी काढण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. बी गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवले की ते आवरण सुटते आणि काही जिवाणूजन्य रोगांचा धोका कमी होतो. मग धुऊन, चिनी मातीच्या ताटलीत किंवा जाळीवर सावलीत वाळवायचे; कागदावर वाळवले तर चिकटून बसते. वाळताना चिठ्ठी हलली की वाण हरवला. पाकिटावर वाणाचे नाव, वर्ष, कुणाकडून आले, फुलाला पिशवी बांधली होती की नव्हती, आणि किती झाडांवरून बी धरले, या पाच नोंदी असाव्यात. पुढच्या अभ्यासकासाठी त्या शिलालेखाइतक्या मोलाच्या आहेत.

इथे मानवशास्त्राचा दरवाजा उघडतो. भेटवस्तूंच्या देवघेवीवर मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये लिहिलेला निबंध या विषयाचा पाया मानला जातो : देणे, घेणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांवर समाज बांधला जातो, असे त्यांचे प्रतिपादन. बीजविनिमयात परतफेडीचे रूप वेगळे दिसते. ज्याने दिले त्यालाच परत करावे असा आग्रह इथे नसतो. आपल्या परसात बी वाढवून तिसऱ्याला द्यावे, ही अपेक्षा असते. त्यामागे भावनेबरोबर व्यवहारही आहे. एकाच परसातला वाण एका गारपिटीने, एका आजारपणाने संपतो. दहा परसांत, तीन देशांत पसरला तर मूळ मालकाचे पीक गेले तरी बी परत मागता येते. इथे दान हीच साठवण. डायान व्हीलीच्या आजोबांनी ते केले नसते, तर त्यांचा गुलाबी टोमॅटो त्यांच्याबरोबरच गेला असता.

पण टपालाने बीच जाते असे नाही, रोगही जातो. 2014 मध्ये इस्राएलमध्ये आणि 2015 मध्ये जॉर्डनमध्ये टोमॅटोवर एक नवा विषाणू आढळला. फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा हा विषाणू हाताच्या स्पर्शाने, अवजारांनी आणि बियांच्या सालीवरून पसरतो. 2019 मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांनीही त्याच्याविरुद्ध कडक नियम केले. त्याच वर्षी 14 डिसेंबरपासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या जवळजवळ सर्व बियाण्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागू झाले. हौशी बागप्रेमीला हे प्रमाणपत्र महाग आणि किचकट पडते, आणि त्याची तक्रार समजण्यासारखी आहे. तरीही ज्यांची रोजीरोटी टोमॅटोवर चालते, त्यांच्या शेतात परका विषाणू नेण्याचा हक्क कुणाच्याही हौसेला नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने हे बंधन मनापासून स्वीकारावे, अशी माझी भूमिका आहे.

कायद्याची दुसरी बाजू विक्रीची. युरोपात नोंदणीकृत यादीत नसलेल्या भाजीच्या वाणाचे बी विकण्यावर बंदी होती. जुने वाण एकसारखेपणाच्या कसोटीला क्वचितच उतरतात, म्हणून ते यादीबाहेर राहिले. 2009 मध्ये जतनयोग्य वाणांसाठी सवलतीचा नियम झाला. फ्रान्समधील कोकोपेली संस्थेचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला; जुलै 2012 मध्ये न्यायालयाने मूळ नियम वैध ठरवले. ब्रिटनच्या बीज-ग्रंथालयाने बी विकण्याऐवजी सदस्यांना देण्याची वाट धरली, तीही याच पार्श्वभूमीवर. आणखी एक मुद्दा फारसा चर्चिला जात नाही. पिकांच्या जनुकीय साधनांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला, त्यातल्या बहुपक्षीय देवघेवीच्या यादीत बटाटा आहे, वांगे आहे, गाजर आहे, टोमॅटो नाही. त्यामुळे ज्या पिकाची हौशी लोकांत सर्वाधिक हौसेने देवघेव होते, ते पीक देशादेशांतल्या अधिकृत देवघेवीच्या त्या सोयीबाहेर राहिले. कायद्याच्या अभ्यासकाला इथे भरपूर वाव आहे.

या सगळ्याचे मोल काय, असे कुणी विचारील. उत्तरादाखल दोन दाखले पुरेत. डिसेंबर 1962 मध्ये ह्यू इल्टिस आणि डॉनल्ड उजेंट हे वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूत बटाट्याचे रानटी नातलग शोधत होते. वाटेत दिसलेल्या एका हिरव्या, क्षुल्लक रानटोमॅटोचे बी त्यांनी गोळा करून कॅलिफोर्नियातील चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले. रिक यांनी अनेक वर्षे संकर करून त्याच्यातून लागवडीच्या टोमॅटोत विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, प्रमाण वाढवले. टोमॅटोवर चालणाऱ्या कारखानदारीसाठी हा मोठा लाभ होता, आणि जिथून बी आले त्या भूमीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्नही त्याबरोबरच विचारायला हवा. दुसरा दाखला चवीचा. हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 398 टोमॅटोंच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधुनिक व्यापारी वाणांत चवीला आणि वासाला कारण असणारी अनेक द्रव्ये जुन्या वाणांपेक्षा लक्षणीय कमी आहेत, असे त्यात दिसून आले. हरवलेली चव परत आणायची तर तिची जनुके असलेले जुने वाण कुणीतरी जगवलेले असायला हवेत. परसबागांनी ते काम कुणी न सांगता केले.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ आपल्याकडे अनेक वर्षे लावला गेला. त्याच्या जनकांपैकी ‘सू’ हा अमेरिकी वाण, दुसरा सुधारलेला मेरठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भाग्यश्री’ आणि ‘धनश्री’ हे सरळ वाण दिले, ज्यांचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटखाली बायका चिमट्याने एकेका फुलाचे परागकोश काढून संकरित भाजीपाल्याचे बी तयार करतात. बीजोत्पादनाचे इतके बारीक कसब हाताशी असलेला समाज पिढीजात वाणांच्या शुद्धतेचा अभ्यास सहज करू शकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांपासून भातापर्यंत गावरान बियाण्यांची जी बँक उभी केली, तिच्यासाठी त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. बी जपण्यासाठी ते वाटावे लागते, हेच त्यांच्या कामातूनही दिसते. आपल्या 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि बिनछाप्याचे बी विकण्याचाही हक्क दिला आहे. जगात असा स्पष्ट हक्क देणारे कायदे थोडेच आहेत.

परदेशाशी देवघेव करायची असेल तर मात्र नियम वेगळे. बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. इथले जैविक साधन परदेशी व्यक्तीला संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी हवे असेल तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत चार पाकिटे टाकून आणण्याचा मोह टाळावा. नोंद, छायाचित्र, लागवडीची रीत आणि हकीकत यांची देवघेव करायला बियांइतकी आडकाठी येत नाही, आणि अभ्यासाची निम्मी सामग्री तीच आहे.

नव्या अभ्यासकाला माझी विनंती अशी. सुरुवात आपल्या तालुक्यापासून करा. ज्यांच्या परड्यात संकरित रोपांच्या आधीचा आंबट, पातळ सालीचा, घडीचा टोमॅटो अजून उगवतो, अशा म्हाताऱ्या माणसांकडे जा. बी मागण्याआधी हकीकत मागा, आणि सांगणाऱ्याचे नाव नोंदवायला त्यांची परवानगी घ्या. एक हंगाम तो वाण स्वतः लावा, फुलाला पिशवी बांधा, पाने आणि फळे मोजून मापून लिहा. मग त्यातले बी निदान तीन घरांत द्या, आणि प्रत्येक पाकिटावर त्या पाच नोंदी लिहायला विसरू नका. एवढे ज्याने केले तो या क्षेत्रात पाहुणा उरला नाही. त्याच्या नोंदींची आम्हा सगळ्यांना गरज आहे.